डोंगरावरचे तिघे आणि पायथ्याचे नऊ

शास्त्रभाग : मार्क ९:२-३७, २ पेत्र १:१-१८



रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरावर सिलतरा लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवरचा हा भातशेतीचा सपाट मुलूख. नजर वर उचलली तर डोंगर नव्हे, लोखंडाच्या कारखान्यांची धुराडी दिसतात. छत्तीसगडच्या दक्षिण भागातील डोंगर फोडून काढलेले खनिज सपाटीवर येते, भट्टीत तापते आणि त्याचे लोखंड होते. डोंगराची ओळख तेथील कामगाराला आहे ती अशी, दगडाच्या आणि आगीच्या रूपाने. रात्रपाळी करून परतलेल्या एखाद्या विश्वासणाऱ्याने तेथे मार्काचा नववा अध्याय उघडला, तर प्रभू येशूने तीन मित्रांना घेऊन उंच डोंगर चढल्याची हकिकत त्याला कोणासाठी लिहिलेली वाटेल? डोंगर चढणाऱ्यांसाठी, की न चढलेल्यांसाठीही?

तो डोंगर कोणता, हे शुभवर्तमानकारांनी सांगितलेले नाही. जुनी परंपरा ताबोराचे नाव घेते. तो सहाशे मीटरच्याही आत आहे. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या आपल्या तरुणांना तो टेकडीच वाटेल. कित्येक अभ्यासक हर्मोनाकडे बोट दाखवितात, कारण ही मंडळी नुकतीच फिलिप्पाच्या कैसरियाच्या बाजूला होती आणि २,८१४ मीटर उंचीचा हर्मोन तेथून जवळ. डोंगर कोणताही असो, चढ सोपा नव्हता. शिष्य झोपेने जड झाले होते, असे लूक सांगतो. आपण हे वाक्य त्यांच्या आळसाचे लक्षण म्हणून वाचतो. मला त्यात दमलेल्या पायांची खूण दिसते. आणि प्रभूनेही एकट्याने पुढे जाऊन वर त्यांची वाट पाहिली नाही. मार्काच्या शब्दांचा रोख असा की, तो त्यांना आपल्याबरोबर वर घेऊन गेला.

जे सोबत्यांसह डोंगर चढले आहेत, त्यांना या 'बरोबर घेऊन जाण्या'चे मोल ठाऊक असते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. बारी गावाहून चढताना अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. तेथे सर्वांत चपळ तरुणालाही थांबावे लागते. पुढचा माणूस घाबरत, एकेक पायरी चाचपत चढत असेल, तर त्याचीच गती साऱ्या रांगेची गती होते. कोणी मागून ओरडतो, कोणी खालून त्याचे पाऊल धरून पायरीवर नीट ठेवतो. अशा एका शिडीपाशी मनुष्याचा स्वभाव जितका उघड होतो, तितका वर्षभराच्या उपासनेत होत नाही!

वर तेज प्रकटले. मोशे आणि एलीया दिसले. पेत्राने तीन मंडप उभारण्याची गोष्ट काढली. पेत्राला दोष देण्यात आम्ही उपदेशक फार उत्साही असतो. परंतु त्याने स्वतःसाठी मंडप मागितला नाही, एवढे तरी त्याच्या पदरी टाकावे. चूक होती ती निराळीच. त्याच्या हिशोबात मोशे होता, एलीया होता, प्रभू होता. पायथ्याशी राहिलेले नऊजण मात्र नव्हते.

त्या नऊजणांचे काय चालले होते? एक बाप आपल्या मुलाला घेऊन आला होता. अशुद्ध आत्म्याने ग्रासलेला तो मुलगा कधी विस्तवात पडे, कधी पाण्यात. शिष्यांनी प्रयत्न केला, त्यांना साधले नाही. भोवती लोक जमले, शास्त्री वाद घालू लागले. वर मेघातून वाणी होत असताना खाली या नऊजणांची भर गर्दीत फजिती होत होती. त्यांचा अपराध काय? आपल्याला वर का नेले नाही, हेही त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. निवड प्रभूची होती. पेत्र, याकोब व योहान खाली राहिले असते, तर त्यांच्या हातून तो मुलगा बरा झाला असता, असे मानण्यास शास्त्रात काहीही आधार नाही.

उतरताना प्रभूने तिघांना बजावले की, मनुष्याचा पुत्र मेलेल्यांतून उठेपर्यंत हे कोणालाही सांगू नये. यामागे गंभीर कारण होते. वधस्तंभावाचून तेजाची वार्ता लोकांनी विपरीत घेतली असती. पण मला वाटते, त्या आज्ञेत नऊजणांविषयीची कणवही असावी. कारण पुढे थोड्याच ओळींनंतर, कफर्णहूमच्या वाटेवर, याच बाराजणांत वाद पेटला : आपल्यात मोठा कोण? डोंगरावरून आलेल्या तिघांची चाल बदलली असेल काय? नऊजणांनी ती ओळखली असेल काय? मार्क सांगत नाही. आपल्या मंडळ्यांकडे पाहिले की अंदाज करता येतो.

हा प्रश्न जगालाही सुटत नाही. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे एकाच दोरीने बांधलेले एव्हरेस्टवर पोहोचले, आणि लोक विचारू लागले : पहिले पाऊल कोणाचे? दोघे सांगत राहिले की आम्ही मिळून पोहोचलो. अखेर १९५५ च्या आत्मचरित्रात तेनसिंगनेच सांगून टाकले की हिलरी एक पाऊल पुढे होता. मात्र तीनच दिवस आधी त्याच मोहिमेतील चार्ल्स इव्हान्स व टॉम बुर्डिलाँ हे दक्षिण शिखरापर्यंत जाऊन, माथा जवळ दिसत असताना परतले होते, हे कितीजणांना आठवते? याच इव्हान्स यांच्या नेतृत्वाखाली १९५५ साली ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनगंगेवर पहिली यशस्वी चढाई झाली. सिक्कीमच्या लोकांना ते शिखर पवित्र, म्हणून वर गेलेल्यांनी माथ्याला पाय न लावता काही पावले अलीकडेच थांबणे पसंत केले. त्याच कांचनगंगेवर १५ मे २०१९ रोजी पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे दहा गिर्यारोहक एकाच दिवशी पोहोचले. मोहिमेचे नेते उमेश झिरपे त्या दहांत नव्हते.

आपली शिबिरेही डोंगरांवरच भरतात. पाचगणी, महाबळेश्वर, पचमढी येथील थंड हवेत चार दिवस प्रार्थना होते, मन उंचावते, डोळे भरून येतात. हे सारे खरे असते; मी त्याची थट्टा करणार नाही. परंतु पुढच्या रविवारी साक्षी सुरू झाल्या की मागच्या बाकांवर कोण बसलेले असते, तेही पाहावे. ज्याला पाळी बदलून मिळाली नाही तो. जिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे ती. शिबिराची वर्गणी परवडली नाही, पण तसे सांगायला संकोच वाटला, ते कुटुंब. आणि बहुधा त्याच चार दिवसांत कोणाचे तरी मूल विस्तवात पडलेले असते, आणि त्याच्यापाशी हेच न गेलेले लोक उभे असतात, काही साधत नसतानाही. प्रभू डोंगरावरून उतरला तो थेट अशाच घोळक्यात आला. नऊजणांना त्याने लोकांसमोर जाब विचारण्याऐवजी, तुम्ही यांच्याशी कसला वाद करीत आहात, असे गर्दीलाच विचारले. पिढीच्या अविश्वासाविषयी त्याचे शब्द कठोर होते खरे; पण त्या नऊजणांना अपयशाचे कारण त्याने सांगितले ते घरात गेल्यावर, एकांती.

पेत्राला हे उमगायला आयुष्य लागले. दुसऱ्या पत्रात तो त्या पवित्र डोंगराची आठवण सांगतो, तेव्हा त्याच्या मरणाची वेळ जवळ आलेली आहे. एकेकाळी मंडप उभारू पाहणारा हा मनुष्य आता आपल्या देहालाच मंडप म्हणतो, आणि तो लवकरच काढून ठेवावा लागणार असल्याचे लिहितो. डोंगरावरची वाणी 'मी' ऐकली असे तो म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो. आणि पत्राच्या अगदी आरंभी, ज्यांनी तो डोंगर कधी पाहिला नाही, त्या वाचकांना तो सांगतो की तुम्हांला मिळालेला विश्वास आमच्या विश्वासाइतकाच मोलाचा आहे.