बुडाची चीर

एका गावात एक तरुण कुंभार होता. बाप गेल्यावर चाक त्याच्याकडे आलं. पोरगा कष्टाळू होता, पण आवा उघडला की निम्मी मडकी तडकलेली निघायची.

त्याने दुसऱ्या ओढ्याची माती आणली, तिच्यात लीद वाढवली, जाळही वाढवला. सगळं एकदमच केलं. त्या खेपेला मडकी बरी निघाली, पुढच्या खेपेला पुन्हा तडकली. कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं, काही कळेना. शेवटी नजर लागली म्हणून त्याने दारात लिंबू-मिरची बांधली. मडकी तडकतच राहिली.

एके दिवशी तो फुटकी मडकी उकिरड्यावर टाकायला निघाला, तोच त्याची म्हातारी आत्या आली.

"थांब रे. कुठे तडकलीत ते तरी बघू."

दोघांनी मडकी अंगणात ओळीने मांडली. काठ शाबूत होते. चीर बहुतेक सगळ्यांच्या बुडालाच होती.

"काठ आधी वाळतोय, बूड ओलं राहतंय," आत्या म्हणाली. "पण माझ्यावर विसंबू नकोस. करून बघ. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि खूण ठेव."

पुढच्या खेपेला त्याने निम्मी मडकी नेहमीसारखी उन्हात ठेवली, निम्मी सावलीत. सावलीतल्यांच्या गळ्यावर ओलेपणीच नखाने एक रेघ ओढली. माती, लाकूड, आवा, सगळं तेच. आवा उघडला, तर रेघेची मडकी बहुतेक धड होती.

तरी त्यांतली काही तडकलीच होती. त्याने त्यांची खापरं हातात घेऊन पाहिली. बूड जाड राहिलं होतं. थापीने ठोकताना तो बुडाशी आला की घाई करायचा. हा दोष मातीचा नव्हता, उन्हाचाही नव्हता. त्यापुढच्या खेपेला त्याने फक्त हात सावकाश चालवला.

हळूहळू फुटकी मडकी कमी झाली. तरीही दर खेपेला तो आधी खापरं तपासायचा, मगच बाजाराची पाटी भरायचा.

अडचण आली की आपण नशिबाला बोल लावतो, नाहीतर एका दिवसात सगळंच बदलायला निघतो. स्वतःला सुधारतानाही तेच करतो. म्हणून आधी चीर कुठे आहे ते नीट पाहावं, एक कारण धरावं, तेवढंच बदलावं आणि फरक पडला का ते तपासावं. शोधता शोधता ते कारण आपल्याच हाताशी येऊन थांबलं, तर वाईट वाटून घेऊ नये. आपला हात सुधारणं आपल्याच हातात असतं.