हवा वरच्याच मजल्यावर का साचते?

जर्मनीतल्या जुन्या इमारतींमध्ये थंडी सुरू झाली की एक तक्रार ठरलेली असते. रेडिएटर खालून गरम लागतो आणि वरून गारढोण. पुण्या-मुंबईहून शिकायला गेलेल्या मुलांना पहिल्या हिवाळ्यात हे कोडंच वाटतं. शेतातल्या पंपाने 'हवा धरली' की पाणी चढत नाही, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मात्र लगेच उमगेल.

व्यवस्था साधी आहे. तळघरात बॉयलर असतो. तिथून गरम पाणी पंपाने प्रत्येक घरात जातं, रेडिएटर तापवतं आणि गार होऊन परत खाली येतं. तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. त्यात हवा शिरली की ती वर सरकते, रेडिएटरच्या माथ्याशी बसते आणि तेवढ्या जागेत पाण्याला येऊ देत नाही.

उपायही साधा आहे. चौकोनी भोकाची एक छोटी चावी मिळते. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला स्क्रू तिने अर्धा वळसा सैल करायचा. फुस्स करत हवा निघते. थेंब यायला लागले की स्क्रू घट्ट करायचा. पाच मिनिटांचं काम. शेजाऱ्याला सांगायला नको, घरमालकाला फोन नको.

पण हे काम खरंच आपल्या एकट्याचं असतं का?

हवा गेली की तिच्या जागी पाणी येतं. ते सगळ्या इमारतीच्या पाण्यातून येतं, म्हणून तळघरातल्या गेजवर दाब थोडा उतरतो. तो भरून काढायला नळाचं ताजं पाणी आत सोडावं लागतं. इथे एक उलटी गोष्ट आहे. स्क्रूमधून येणारं काळं, शिळं पाणी पाहून आपल्याला किळस येते, पण या पाइपांना तेच मानवतं. त्यातला ऑक्सिजन लोखंडाशी आधीच संपलेला असतो. ताजं, स्वच्छ पाणी नवा ऑक्सिजन आणतं. त्याने गंज चढतो, शिवाय पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा पुन्हा बाहेर पडते. वर्षातून एकदा पाणी भरलं तर काही बिघडत नाही. दर पंधरवड्याला भरावं लागत असेल, तर तो उपाय नसून आजाराचं लक्षण आहे. कुठेतरी सांधा गळतोय, किंवा तापून फुगणाऱ्या पाण्याला सामावून घेणारी टाकी निकामी झाली आहे.

आणि त्रास कोणाला होतो? बहुधा सर्वांत वर राहणाऱ्याला. पाणी 10 मीटर चढवायला साधारण 1 बार दाब लागतो. इमारत 12 मीटर उंच असेल आणि तळघरातलं गेज 1 बार दाखवत असेल, तर पंप थांबलेला असताना वरच्या मजल्यावरचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. अशा वेळी वरच्या माणसाने चावी फिरवली तर हवा बाहेर जात नाही, बाहेरची हवाच आत ओढली जाते. दोष तळघरात आहे, थंडी वर वाजते आहे आणि वरच्याने आपल्यापुरता केलेला उपाय दोष वाढवतो आहे. तिसऱ्या मजल्यावरच्यांना यातलं काहीच माहीत नसतं, कारण त्यांची खोली गरम आहे.

आपल्याकडे 'सोशिक' हा कौतुकाचा शब्द आहे. कुरकुर न करता स्वतःचं स्वतः निस्तरणारा माणूस चांगला मानला जातो. त्यात खरंच मोल आहे. प्रत्येक लहानसहान गोष्टीसाठी दुसऱ्याचं दार ठोठावणाऱ्यांबरोबर राहणं कठीण असतं. पण जिथे पाणी एकच आहे, तिथे एकाच्या गप्प राहण्याची किंमत सगळे मोजतात. वरचा दोन स्वेटर घालून बसतो आणि खाली सांधा गळत राहतो.

जर्मन नागरी संहितेने याचं उत्तर दिलं आहे. कलम 536 सी सांगतं की भाड्याच्या घरात दोष दिसला तर भाडेकरूने तो घरमालकाला विनाविलंब कळवला पाहिजे. कळवला नाही आणि त्यामुळे नुकसान झालं, तर भरपाई त्याच्यावर येऊ शकते. आपण ज्याला तक्रार म्हणतो, ते इथे कर्तव्य ठरतं. हीटिंगच्या बिलाचा 1981 सालापासूनचा नियमही असाच बोलका आहे. खर्चाचा 50 ते 70 टक्के भाग ज्याच्या-त्याच्या वापराप्रमाणे वाटायचा आणि उरलेला सहसा घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे. म्हणजे ऊब पूर्णपणे खासगी असू शकत नाही, हे हिशेबातच मान्य केलेलं आहे.

तरी कायद्याने प्रश्न संपत नाही. नवी भाषा, वर्षभराचा व्हिसा, महत्प्रयासाने मिळालेली खोली. अशा माणसाला 'तू सांगितलं का नाहीस' असं विचारणं सोपं आहे. सांगायला थोडी सुरक्षितता लागते आणि ती वरच्या मजल्यावर बहुतेकदा कमीच असते. म्हणून सांगण्याचं कर्तव्य एकतर्फी असू शकत नाही. ज्याच्याकडे तळघराची किल्ली आहे, त्याच्याकडे विचारण्याचं कर्तव्य येतं. गेज उतरलेलं दिसलं की पाणी भरून निघून जाणं हीसुद्धा एक सोयीची शांतताच आहे. वर जाऊन 'तुमची खोली तापते का?' एवढं विचारायला जिना चढावा लागतो, बस्स.

हे रेडिएटरपुरतं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. घर असो, ऑफिस असो, मित्रांचा ग्रुप असो, सगळ्यांचा ताण आपल्या खोलीत जिरवणारं कुणीतरी असतं. त्याच्या समजूतदारपणाचं आपण कौतुक करतो आणि पुढच्या वेळेसाठी त्याला गृहीत धरतो.

चावी फिरवायची नाही असं मुळीच नाही. थंडी वाजत असेल तर आज हवा काढावीच लागेल. मात्र किती वेळा काढली हे मोजायचं आणि तो आकडा खाली कळवायचा. चावी ज्याच्या हातात आहे त्याला गेज दिसत नाही, आणि गेजसमोर जो उभा आहे त्याला वरची फुस्स ऐकू येत नाही.