ज्याला विचारता येत नाही, त्याच्या वतीने

रोह्याचे एक तरुण जोडपे आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन माझ्याकडे आले. पेणच्या डॉक्टरांनी त्यांना परळच्या वाडिया बाल रुग्णालयात जाण्यास सांगितले होते. आईने विचारले, "फादर, ऑपरेशन करावे का?" सोबतच्या आजीचा प्रश्न निराळा होता : "सुनेने ग्रहण पाळले नाही, म्हणून असे झाले का?"

आजीला उत्तर देणे सोपे होते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभू येशूने त्यालाही आणि त्याच्या आईबापांनाही दोष दिला नाही. या व्यंगात लघवीचे छिद्र लिंगाच्या टोकाशी नसून खालच्या बाजूस असते. डॉक्टर त्यास हायपोस्पेडियास म्हणतात. सुमारे २०० ते ३०० मुलग्यांमागे एकात ते आढळते.

आईचा प्रश्न मात्र खोल होता. छिद्र फार खाली असेल किंवा लिंग वाकडे असेल, तर उभ्याने लघवी करणे आणि पुढे वैवाहिक जीवनही कठीण होते. शस्त्रक्रिया सहसा ६ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. अग्रत्वचा त्या कामी येते, म्हणून आधी सुंता करू नये. पण व्यंग सौम्य असेल आणि धार सरळ पडत असेल, तर शस्त्रक्रिया मुख्यतः दिसण्यासाठी उरते. आणि टाक्यांतून लघवी झिरपणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, हे धोके तेव्हाही असतातच.

पेणचा मूर्तिकार पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी मातीला आकार देतो. मूल म्हणजे माती नव्हे. कॅथलिक परंपरेच्या माल्टा देशाने २०१५ साली कायदा केला : मुलांच्या लैंगिक अवयवांवरील जी शस्त्रक्रिया त्यांना समज येऊन संमती देता येईपर्यंत थांबू शकते, ती आधी करू नये. तथापि थांबणे हाही निर्णयच आहे. मोठेपणीच्या वेदना स्मरणात राहतात.

मग कसोटी कोणती? वीस वर्षांनी तो विचारील, "का केलेत?" किंवा "का केले नाहीत?" त्याला तोंडावर सांगता येईल असे कारण आज आपल्यापाशी हवे. "तुला त्रास होऊ नये म्हणून" हे कारण आहे. "लोक काय म्हणतील म्हणून" हे नव्हे.

मी त्यांना एवढेच सांगितले : डॉक्टरांना विचारा, हे त्याच्या गरजेसाठी आहे की आपल्या लाजेसाठी? आणि काहीही ठरले तरी कागदपत्रे जपून ठेवा. समज येताच ती त्याच्या हाती द्या. ती त्याचीच आहेत.