श्रद्धा : वारसा की स्वीकार?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपल्यावर एक माउली धर्मग्रामाच्या कार्यालयात आली. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळीत अखेर म्हणाली, ''फादर, आमचा धाकटा कॉलेजला गेला आणि त्याची मिस्सा सुटली. घरी जपमाळेला बसत नाही. काही बोललं तर म्हणतो, तुम्ही मानता म्हणून मीही मानायचं का? तुम्ही एकदा त्याच्याशी बोला. त्याला पूर्वीसारखा करा.''

मी होकार दिला. ती समाधानाने निघून गेली. परंतु 'पूर्वीसारखा' हा तिचा शब्द मात्र माझ्याजवळच राहिला. तो मुलगा पूर्वी कसा होता, हे मला ठाऊक होते. दृढीकरणाच्या वर्गात तो मागच्या बाकावर बसत असे. एका सायंकाळी त्याने हात वर करून विचारले होते, ''फादर, आपण हिंदूच्या घरी जन्मलो असतो तर हिंदूच झालो असतो ना? मग ही श्रद्धा माझी कशी?'' वर्गात हशा पिकला. मला एका आजाऱ्याला कम्युनियन द्यायला जायचे होते. घाईघाईत मी म्हणालो, ''प्रश्न कमी विचार, प्रार्थना जास्त कर.'' त्यानंतर त्याने कधीच प्रश्न विचारला नाही. मुलगा शहाणा झाला, असे मी समजलो. वस्तुतः तो शहाणा झाला नव्हता. तो गप्प झाला होता. आता त्याची आई मला त्याला पुन्हा पूर्वीसारखा करण्यास सांगत होती!

आईवडिलांकडून मिळालेली श्रद्धा केव्हा आपली स्वतःची होते? आणि श्रद्धेचे नूतनीकरण म्हणजे मागे परतणे की पुढे जाणे? हे प्रश्न त्या एका घरापुरते नाहीत.

ख्रिस्तसभेत एक धर्मग्राम असा असतो की जेथे हा प्रश्न अपवादाने नव्हे, तर नित्यनेमाने उभा राहतो. तो म्हणजे विद्यापीठाच्या आवारातील धर्मग्राम. आपले धर्मग्राम गावांच्या आणि पाड्यांच्या सीमांनी आखलेले असतात. तेथे पाळणा असतो, लग्नाचा मांडव असतो आणि चर्चच्या मागे स्मशानभूमीही असते. विद्यापीठाच्या धर्मग्रामात बहुतेक सारे विशीच्या आसपासचे. तेथे पहाटे मिस्सेसाठी हाक मारणारी आजी नसते आणि मिस्सा चुकली तर विचारणारा शेजारीही नसतो. दरवर्षी एक तुकडी येते, एक निघून जाते. अशा ठिकाणी रविवारी चर्चची पायरी चढणे हा कित्येकांच्या आयुष्यातील पहिला स्वतःचा निर्णय असतो. म्हणूनच १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनन लॉच्या ८१३व्या कलमात विद्यार्थ्यांच्या आध्यात्मिक संगोपनाची विशेष काळजी बिशपांवर सोपविली आहे. त्यासाठी स्वतंत्र धर्मग्राम स्थापावा, निदान काही धर्मगुरू या कार्यासाठी कायम नेमावेत, असे त्यात सुचविले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांसाठी जी सनद दिली, तिच्यातही अभ्यास आणि श्रद्धा, श्रद्धा आणि जीवन यांची सांगड घालणे हेच या सेवेचे प्रयोजन म्हणून सांगितले आहे.

ही सांगड प्रत्यक्ष कशी घालावी, या प्रश्नाशी सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने झुंज दिली होती. ते म्हणजे जॉन हेन्री न्यूमन. ऑक्सफर्ड विद्यापीठात ते अध्यापक होते आणि १८२८ पासून तेथील सेंट मेरीज या अँग्लिकन चर्चचे प्रमुख धर्मगुरू. त्यांची प्रवचने ऐकण्यास विद्यार्थी गर्दी करीत. प्रदीर्घ अभ्यासानंतर आणि अंतःकरणातील मोठ्या संघर्षानंतर ९ ऑक्टोबर १८४५ रोजी त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. ऑक्सफर्ड सुटले, प्रतिष्ठा गेली, जिवाभावाचे स्नेही दुरावले. जन्माने मिळालेले आणि विचारपूर्वक स्वीकारलेले यांतील अंतर त्यांनी असे किंमत मोजून जाणले होते.

त्या काळी आयर्लंडमध्ये सरकारने कोणत्याही धर्माशी संबंध नसलेली महाविद्यालये काढली होती. त्यांना पर्याय म्हणून तेथील बिशपांनी कॅथलिक विद्यापीठ स्थापण्याचे ठरविले आणि १८५१ साली आर्चबिशप पॉल कलन यांनी न्यूमन यांना डब्लिनला पाचारण केले. नोव्हेंबर १८५४ मध्ये अगदी मोजक्या विद्यार्थ्यांनिशी विद्यापीठ सुरू झाले. न्यूमन यांनी त्यासाठी एक चर्चही उभारले. सेंट स्टीफन्स ग्रीन या चौकात मोठमोठ्या घरांच्या रांगेत त्याचे छोटेसे प्रवेशद्वार दडलेले आहे. चर्च उभे आहे ते मागच्या बागेच्या जागेवर. आत शिरल्यावर आयर्लंडच्याच रंगीबेरंगी संगमरवराने नटलेले प्रशस्त मंदिर दृष्टीस पडते. १ मे १८५६ रोजी, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी, ते उपासनेसाठी खुले झाले.

नंतर तीनच दिवसांनी, ४ मे रोजी, त्या वेळच्या पंचांगाप्रमाणे संत मोनिकाचा सण होता. त्या दिवशी न्यूमन यांनी तेथे जे प्रवचन दिले ते माझ्या कार्यालयात आलेल्या त्या माउलीसाठीच दिले असावे, असे मला वाटते. संत मोनिकाचा पुत्र ऑगस्टिन बुद्धिमान होता आणि आईच्या श्रद्धेपासून दूर भरकटला होता. त्या सणाच्या शुभवर्तमानात नाईन गावच्या विधवेची कथा आहे. वेशीबाहेर एकुलत्या एका मुलाची तिरडी निघाली आहे आणि प्रभू ती थांबवितो. न्यूमन यांना त्या विधवेत ख्रिस्तसभा दिसली. विद्येच्या वाटेवर निघालेल्या लेकरासाठी ती रडत आहे. मग आईने काय करावे? लेकराला विद्येपासून आवरावे काय? न्यूमन तसे म्हणत नाहीत. बुद्धी आणि भक्ती यांना देवाने एकत्र निर्माण केले, माणसाने त्यांची ताटातूट केली. त्यांना पुन्हा एकत्र आणणे हेच विद्यापीठाचे काम, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एका इमारतीत बुद्धी आणि दुसरीत भक्ती अशी वाटणी त्यांना मान्य नव्हती. दोन्ही एकाच माणसाच्या ठायी नांदाव्यात, प्रापंचिक विद्वानाने भाविक व्हावे आणि भाविक धर्मगुरूने विद्वान व्हावे, ही त्यांची आकांक्षा होती.

हे केवळ व्यासपीठावरून सांगून ते थांबले नाहीत. विद्यार्थ्यांनी थोड्या थोड्या संख्येने लहान घरांतून राहावे, प्रत्येक घराला एक प्रमुख, एक प्रार्थनामंदिर आणि मार्गदर्शक शिक्षक असावेत, अशी योजना त्यांनी आखली आणि हारकोर्ट स्ट्रीटवरील एका घरात ते स्वतः विद्यार्थ्यांसोबत राहिले. पन्नाशी ओलांडलेला, युरोपभर ख्याती असलेला हा विद्वान तरुण मुलांबरोबर एका छपराखाली राहत होता. नियमावलीने जे साधत नाही ते सहवासाने साधते, ही त्यांची श्रद्धा होती. १८७९ साली कार्डिनल झाल्यावर त्यांनी जे बिरुद निवडले त्याचाही भाव हाच आहे की, हृदयाची भाषा हृदयालाच कळते.

सेमिनरीत असताना मी न्यूमन यांचा १८७० सालचा 'संमतीचे व्याकरण' हा ग्रंथ वाचला होता. वाचला म्हणजे परीक्षेपुरता वाचला! त्यात त्यांनी संमतीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक केवळ कल्पनेला दिलेली संमती. विधान बरोबर आहे म्हणून आपण मान डोलावतो, एवढेच. दुसरी प्रत्यक्षाला दिलेली संमती. तीत सत्य आपल्यासमोर उभे राहते आणि आपले जीवन हलवते. आता कोणी म्हणेल, पहिली अडाण्यांची आणि दुसरी सुशिक्षितांची. तसे मुळीच नाही. अक्षरओळख नसलेली आपली आजी जपमाळेचा मणी ओढताना मरियेशी बोलत असते. तिची संमती पूर्णपणे प्रत्यक्ष असते. उलट ईशज्ञानावर उत्तम निबंध लिहिणाऱ्या माझ्यासारख्या सेमिनरीयनाची संमती कोरड्या शब्दांची असू शकते. म्हणजे प्रश्न शिक्षणाचा नसून स्वीकाराचा आहे. आजीने तिच्या दुःखात, तिच्या शेतात, तिच्या प्रसूतीच्या वेदनांत श्रद्धा पारखून घेतली. नातवाला ती त्याच्या प्रयोगशाळेत आणि त्याच्या वसतिगृहाच्या एकान्तात पारखून घ्यावी लागणार. आजीची पारख त्याला उसनी घेता येणार नाही.

तर मग त्या मुलाच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? मी असे देईन. आपण मराठी भाषाही निवडलेली नाही. ती आईच्या दुधाबरोबर मिळाली. म्हणून ती आपली नाही काय? परंतु त्या भाषेत खरे बोलावे की खोटे, शिवी द्यावी की आशीर्वाद, हे आपणच ठरवितो. मिळणे ही एक गोष्ट आणि वापरून आपलीशी करणे ही दुसरी. अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यापैकी काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, हे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. त्याच वर्षी धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात परिषदेने सांगितले की, श्रद्धा ही स्वभावतःच स्वतंत्र कृती आहे; कोणावरही तिची सक्ती करता येत नाही. सक्ती केवळ तलवारीची असते असे नाही. ती हशाची असते, आईच्या अश्रूंची असते आणि घाईत असलेल्या धर्मगुरूच्या तोडून टाकणाऱ्या वाक्याचीही असते.

येथे एक आक्षेप उभा राहतो. प्रश्नांना मुभा दिली तर बांधिलकीचे काय? आणि जो तीन-चार वर्षांत निघून जाणार, त्याने कशाशी बांधील व्हावे? न्यूमन यांचीच कहाणी पाहा. त्यांच्या विद्यापीठाला सरकारकडून पदव्या देण्याचा अधिकार मिळाला नाही, विद्यार्थी थोडे आले, बिशपांमध्ये एकमत नव्हते. बर्मिंगहॅममधील आपल्या बंधूंची जबाबदारी सांभाळून ते समुद्र ओलांडून ये-जा करीत राहिले आणि १८५८ साली थकून पदावरून दूर झाले. हिशेबाच्या वहीत हे अपयशच मांडले जाईल. तरीही ते मंदिर आजही उभे आहे, २०१६ पासून तेथे तरुणांसाठी श्रद्धा आणि विवेक यांचे केंद्र चालते, आणि ख्रिस्तसभेने न्यूमन यांना १३ ऑक्टोबर २०१९ रोजी संत आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी ख्रिस्तसभेचे पंडित म्हणून घोषित केले. बांधिलकी ही फळाशी नसते, ती हाती आलेल्या माणसांशी असते. फळ केव्हा आणि कोणाच्या अंगणात पडेल, हे आपल्या हाती नाही. विद्यापीठाचा धर्मग्राम जे पेरतो ते बहुधा दुसऱ्याच धर्मग्रामात उगवते.

आणि प्रश्नांविषयी म्हणाल, तर पुनरुत्थानाच्या जागरणविधीकडे लक्ष द्या. हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन आपण स्नानसंस्काराच्या अभिवचनांचे नूतनीकरण करतो. ते कसे करतो? धर्मगुरू प्रश्न विचारतो आणि आपण उत्तर देतो. तान्हेपणी आपल्या वतीने आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी उत्तर दिले होते. ख्रिस्तसभा त्या उत्तरावर कायमची विसंबून राहत नाही. दरवर्षी ती प्रत्येकाला नव्याने विचारते आणि उत्तरासाठी थांबते. जी माता स्वतः प्रश्न विचारते, ती लेकरांच्या प्रश्नांना भिईल काय? बारा वर्षांचा येशू हरवला तेव्हा तीन दिवसांनी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारताना सापडला. मरियेला त्याचे बोलणे तेव्हा उमगले नाही. तरी तिने ते हृदयात जपून ठेवले.

त्या माउलीला दिलेला शब्द पाळण्यासाठी मी त्या मुलाला भेटलो. प्रथम त्याची क्षमा मागितली. ''तुझा प्रश्न योग्य होता, माझे उत्तर चुकले,'' असे मी म्हणताच तो चपापला. मग आम्ही बोलत राहिलो. त्यानंतरही तो दर रविवारी मिस्सेला येऊ लागला असे नाही. परंतु सुट्टीत घरी आला की तो माझ्याकडे येतो, वाद घालतो, एखादे पुस्तक घेऊन जातो. एकदा उशिरापर्यंत बसला आणि निघताना स्वतःहून म्हणाला, ''फादर, माझ्यासाठी प्रार्थना करा. मीही प्रयत्न करतोय.'' परवा त्याची आई भेटली. तिने विचारले, ''फादर, होईल ना तो पूर्वीसारखा?''

मी म्हणालो, ''नाही, बाई. पूर्वीसारखा तो होणार नाही. तो आता स्वतः उत्तर शोधतो आहे. तुम्ही जपमाळ सोडू नका, आणि त्याच्यासाठी दार उघडे ठेवा.''