फिलिप्पाचं काम नेमकं कोणतं?

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 ते 8

यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी मंडळीलाच सात जण निवडायला सांगितले. त्यातला एक फिलिप्प, नेमला पंगतीच्या सेवेला. मग छळ होऊन मंडळी पांगली, आणि 8व्या अध्यायात तोच शोमरोनात सुवार्ता सांगतोय! नवं पद कोणी दिलं नव्हतं.

आमची मंडळी 22 जणांची. पाळकसाहेब आजारी पडले आणि दोन रविवार उपासनाच झाली नाही. सगळं एकाच सर्व्हरवर ठेवलं की ऑफिसात मी ओरडतो. इथे मात्र गप्प बसलो.

या रविवारी वचन आमच्यातल्या नर्सताई सांगतील, खुर्च्या मी लावीन. (मला तेच बरं जमतं.) पाळकसाहेबांना फोनवर भीत भीत सांगितलं. म्हणाले, "मलाही लिंक पाठव रे."