संगणकांचे पंथ

वादाचे विषय काळाप्रमाणें पालटतात. वादाची हौस मात्र पालटत नाहीं. मागच्या पिढ्यांत एकादशी स्मार्तांची खरी कीं भागवतांची यावर ओसरीवर रात्र निघे. आज त्याच घरांतील नातवंडें ॲपलचें यंत्र श्रेष्ठ कीं विंडोजचें, आयफोन बरा कीं अँड्रॉइड, यावर ताटावरचे हात वाळेपर्यंत भांडतात. १९९४ सालीं उंबेर्तो एको या इटालियन लेखकानें अशाच दोन पक्षांना ख्रिस्ती धर्मांतील पंथांची उपमा दिली होती. मॅकिंटॉश म्हणजे कॅथलिक, सर्वांस एकाच सोप्या वाटेनें मोक्षास नेणारा. डॉस म्हणजे प्रॉटेस्टंट, ज्यानें त्यानें आपापला अर्थ लावून आपल्या जबाबदारीवर निर्णय घ्यावा असें सांगणारा. उपमा थट्टेची खरी, परंतु तिच्या पोटीं एक गंभीर प्रश्न आहे. यंत्रावर अशी निष्ठा ठेवावी काय, आणि ठेवल्यास ती अखेर कोणाच्या पदरांत पडते?

ऑगस्ट १९९७ मध्यें बोस्टन येथें ॲपलच्या चाहत्यांचा मेळावा भरला होता. कंपनी तेव्हां डबघाईस आलेली होती. स्टीव्ह जॉब्ज यांनीं व्यासपीठावरून जाहीर केलें कीं, मायक्रोसॉफ्ट आपल्या कंपनींत १५ कोटी डॉलर गुंतवीत आहे. आणि पाठीमागच्या भल्यामोठ्या पडद्यावर बिल गेट्स यांचा चेहरा दिसूं लागतांच सभेंतून हुर्यो उठली. ॲपलनें जिंकावयाचें तर मायक्रोसॉफ्टनें हरलेंच पाहिजे ही समजूत सोडून द्या, अशा अर्थाचें जॉब्ज यांस आपल्याच भक्तांस सांगावें लागलें. पडद्यावरील खिडक्या व चित्रें कोणीं कोणाचीं उचललीं यावर याच दोन कंपन्या १९८८ पासून वर्षानुवर्षें न्यायालयांत झगडल्या होत्या. वस्तुतः दोघींनींहि झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेचें ऋण काढलेलें होतें. असो. सांगावयाचें इतकेंच कीं, स्वामींनीं तह केला तेव्हां पाईक अजून रणांतच उभे होते, आणि त्यांस कोणीं विचारलेंहि नव्हतें.

शिवाय हे पंथ बरेचसे एका कुळांतले. १९६९ च्या सुमारास अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं यूनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम रचण्यास आरंभ केला. ॲपलच्या आजच्या प्रणाली त्याच वंशांतील आहेत. फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेली लिनक्स त्याच धर्तीची, आणि अँड्रॉइडच्या पोटांत गाभा आहे तो लिनक्सचाच. तेव्हां आयफोनवाल्याचें व अँड्रॉइडवाल्याचें वैर ही सरळसरळ भाऊबंदकी होय!

इतकें म्हटल्यावर सगळा पक्षाभिमान मूर्खपणाचा ठरवून मोकळें होण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. सुतारास आपला रंधा प्रिय असतो, कारण त्याच्या हाताची सवय त्या रंध्यांत उतरलेली असते. खंडेनवमीस हत्यारांची पूजा करणाऱ्या समाजास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्याचे दहा वर्षांचे काम एका यंत्रावर झालें, त्याला तें यंत्र आवडलें तर त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. पण सुतार रंध्याला फूल वाहतो, रंधा विकणाऱ्या दुकानदाराला नव्हे. आणि एकदां रंधा विकला कीं दुकानदाराची त्यावर सत्ता उरत नाहीं. संगणकाची गोष्ट तशी नाहीं. तें यंत्र विकलें गेलें तरी विकणाराचा हात त्यावर राहतोच. बॅटरी जीर्ण झालेले जुने आयफोन अकस्मात् बंद पडूं नयेत म्हणून आपण त्यांचा वेग कमी करीत होतों, अशी कबुली ॲपलनें डिसेंबर २०१७ मध्यें दिली आणि पुढें क्षमाहि मागितली. हेतु चांगला असेल. पण मालकास न कळवितां त्याच्या खिशांतील यंत्र मंद करण्याचा अधिकार कोणीं दिला? मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. वर्षभराच्या सुरक्षेची सवलत देऊं केली हें खरें. परंतु विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, एरवीं धडधाकट असलेले संगणक त्या दिवशीं म्हातारे ठरले.

मराठी माणसास हा धडा फार पूर्वींच मिळाला आहे. १९९० नंतरच्या दशकांत देवनागरी अक्षरजुळणीच्या प्रत्येक सॉफ्टवेअरची अक्षरांची सांकेतिक भाषा निराळी असे. एका फॉन्टमध्यें टंकलेला लेख दुसऱ्याच्या संगणकावर उघडावा, तों रोमन अक्षरें व विरामचिन्हें यांचा चिवडा समोर येई. लेखक आपला, भाषा आपली, आणि किल्ली मात्र विक्रेत्याजवळ! १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या यूनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस स्थान होतें. तें रोजच्या संगणकांत उतरावयास पुढें बरींच वर्षें गेलीं, पण उतरल्यावर हा जाच हळूहळू सरला. आणि तो सरला स्पर्धेनें नव्हे. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम असे एकमेकांचे हाडवैरी अक्षरांच्या बाबतींत एका पंगतीस बसले म्हणून सरला. गाड्या कोणाच्याहि असोत, रस्ता सामाईक असला पाहिजे. स्पर्धेची मर्यादा कोठें असावी याचें इतकें स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरें आठवत नाहीं.

स्पर्धा तरी आपोआप टिकते काय? ऑक्टोबर २०२२ मध्यें भारतीय स्पर्धा आयोगानें अँड्रॉइडच्या बाबतींत गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि अपील न्यायाधिकरणानें पुढच्या वर्षीं तो कायम ठेवला. बाजार मोकळा ठेवावयासहि पहारेकरी लागतो.

तेव्हां कोणतें यंत्र उत्तम यापेक्षां, आपलीं पत्रें, छायाचित्रें व लेखन घेऊन त्यांतून बाहेर पडतां येतें काय, हें विचारणें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं मुक्त प्रणालीची मोहीम पुकारली ती वापरणाराच्या स्वातंत्र्यासाठीं. त्यांचा स्वर पुष्कळदां कर्मठाचा लागतो, आणि सोय पाहणें हें कांहीं पाप नव्हे. जो स्वतःपुरतें निवडतो त्यानें खुशाल सोय पाहावी. दुसऱ्यासाठीं निवडणाराची गोष्ट वेगळी. शाळेनें एका कंपनीचें यंत्र घेतलें कीं शेंकडों मुलांचे हात त्याच वळणाचे होतात, आणि तीं मुलें मोठीं होऊन तेंच विकत घेतात. केरळच्या सरकारी शाळांनीं या शतकाच्या पहिल्या दशकांत संगणकशिक्षण लिनक्सवर नेलें, तें आम्हांस या दृष्टीनें योग्य वाटतें. तालुक्याच्या गांवीं यंत्र बिघडलें तर लिनक्स जाणणारा माणूस कोठून आणावा, असें एखादे मुख्याध्यापक विचारतील, आणि त्यांची अडचण खोटी नाहीं. परंतु असा माणूस गांवांतच शिकवून तयार करतां येतो, आणि त्यासाठीं प्रणाली उघडून पाहण्याची परवानगी कोणापाशीं मागावी लागत नाहीं.