शुक्र कोणी मानायचा?

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या शेंदूरजनाघाटात बाळंतिणीच्या सेवेत कसूर होत नाही. बाळाच्या कानात अजान, सातव्या दिवशी अकीका, डिंकाचे लाडू, मालिश, शेक, धुरी. सारे रीतीने होते. मोहल्ल्यातल्या एका घरीही झाले. तरी ती मुलगी रडत होती. बाळ झोपले तरी तिचा डोळा लागत नव्हता. लेकराला घ्यायला हात पुढे होत नव्हते. आम्ही बाया भेटायला गेलो, तेव्हा आमच्यातलीच एक बोलली, “अल्लानं सोन्यासारखं लेकरू देल्लं, अन् तू काऊन रडून राह्यली? नाशुक्री करू नको.” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

ते वाक्य आजही आम्हाला टोचते. एका आजाराला आम्ही त्या दिवशी गुनाह ठरवून मोकळ्या झालो होतो.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेक बायांच्या वाट्याला येते आणि दोन आठवड्यांत ओसरते. ते ओसरले नाही, अन्न गोड लागेना, कशातच मन रमेना, ‘मी आई व्हायच्या लायकीची नाही’ असे वाटत राहिले, तर ते नैराश्य असू शकते. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २२ टक्के माता, म्हणजे पाचांत एक, या दुखण्यात सापडल्याचे दिसले. आपल्या मोहल्ल्यात अशा किती जणींना आपण नाशुक्र ठरवले असेल?

पण मूळ प्रश्न आकड्यांचा नाही. नेमत मिळाल्यावर दुःख होणे हा गुनाह आहे काय?

कुरआनातल्या हजरत मरियम आठवाव्यात. प्रसूतीच्या कळांनी खजुराच्या बुंध्याशी आलेल्या त्या माउलीला याआधीच मरण आले असते तर बरे, असे वाटले. तिला मिळालेल्या उत्तरात दटावणी नाही. दुःख करू नकोस, असा दिलासा आहे. पायाखाली वाहता झरा आहे, हाताशी ताजी खजूर आहे. आधी दिलासा, पाणी आणि अन्न. उपदेशाची घाई नाही. शरीअतनेही निफासच्या दिवसांत बाळंतिणीला नमाज माफ केली आहे, रोजे पुढे ठेवायची मुभा दिली आहे. जिथे इबादतीलाही सवलत आहे, तिथे हसरा चेहरा आम्ही फर्ज कसा केला?

आणि शुक्र फक्त आईनेच का मानायचा? गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात नोंदणी झालेल्या २७० मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात २३ टक्के माता नैराश्यात आढळल्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणे होती, आणि मुलगी झाली असेल तर त्यांचा भार वाढत होता. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की सुस्कारे. असे सुस्कारे टाकणाऱ्या घराने बाळंतिणीला नाशुक्र म्हणावे, यासारखा अन्याय नाही.

आमचे गाव संत्र्याचे, कलमांचे. भरघोस बहर देऊन झाड पिवळे पडले, तर कोणी शेतकरी त्याला बोल लावत नाही. मुळाशी माती उकरून पाहतो, पाणी-खत बघतो. हे शहाणपण आपण बांधावरच ठेवून घरात येतो.

लेकरू ही साऱ्या घराला मिळालेली नेमत असेल, तर शुक्रही साऱ्या घराने अदा करायचा. तो जिभेने होत नाही. रात्री एकदा बापाने लेकराला खांद्यावर घेणे, सासूने सुनेला चार तास सलग झोपू देणे, हा शुक्र. आशाताई बेचाळीस दिवसांत अनेकदा दारी येते, बाळाचे वजन करते. तिच्यापाशी आईच्या मनाचे बोलायला लाज नको. दुआ जरूर करावी, पण ताबिजावर थांबू नये. डॉक्टरांकडे उपचार आहेत. अंगावर पाजत असताना चालणारी औषधेही आहेत. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, भलते संशय येऊ लागले, स्वतःला किंवा बाळाला संपवायचे विचार येऊ लागले, तर मात्र तासभरही वाट पाहू नये. तिला एकटी न सोडता सरळ दवाखान्यात न्यावे.

ती मुलगी सावरली. तिच्या जेठानीने एका रात्री जवळ बसून फक्त विचारले, “तुले काय होते, सांग मले.” मग तिला अमरावतीला नेले. काही महिने लागले. आम्ही मात्र तो प्रश्न विचारला नव्हता. त्या घरी नाशुक्री झाली असेल, तर ती आमच्याकडून झाली.